चौकटीच्या आत पुडी नाई

नाई म्हनलं ना एकदा, नाई म्हंजे नाई. कितीक खेप इचारशीन? पुडी बंद झाली. एक बी नाई, अर्धी बी नाई, डबा झाडून-पुसून बी नाई — डबा पाह्यतं? हा घे, पाह्य. कोरडा ठन्न. अन् अशी दारात उभी राहू नोको व बाई, लोकं पाहून राह्यले, त्याईले वाटन सुंदरबाई चोरून-लपून देऊन राह्यली कोनाकोनाले. आत ये, नाईतं जाय. — बरं, ये. खाली नोको, खाटेवर बस. शिरपूरहून आली म्हनते ना? जीपनं? मंग पानी पे आधी. सासूचं नाव काय सांगतलं — दुर्गाबाई? ऊंच, सावळी, डाव्या कानाची पाळी फाटेल? हो तं, वळखते ना मी! दोन सालं झाले असतीन तिले पुडी सुरू करून. पहिल्या खेपेस आली तवा भिताडाले धरून-धरून आली होती, अन् मंग दोन महिन्यानं इथंच बसून मूठ आवळून दाखवली मले — सुंदरबाई, आता मी निंदाले जाते वावरात, म्हने. अन् तू तिची सून, निता. बरं. तं निता, सासूले जाऊन सांग का सुंदरबाईनं धंदा सोडला. मीठ गरम करून पोटलीनं शेका, एरंडीचं तेल लावा, दुखन थोडे दिस अन् मंग बसन. सगळ्याईले मी हेच सांगून राह्यली.

काय म्हनली? उठतच नाई? — घरातल्या पुड्या सरल्या तवापासून, पंधरा दिस झाले, खाटेवरच? अन् ओकाऱ्या… हं. ते… होते व तसं थोडंसं. आंगाले सवय होती ना पुडीची. सवय सुटली का आंग कुरकुर करतेच. जेवत नाई म्हंजे बिलकूल नाई, का भाकर नाई पन पेज पेते? पेज बी नाई. उभी केली तं चक्कर येते. — मंग मी काय करू सांग! मी काय डाक्टर हावो? मह्यापाशी पुडी नाई, मह्यापाशी आता काईच नाई. अन् रडू नोको बाप्पा मह्यापुढे, मले नाई पाह्यवत कोनाचं रडनं. दिवाळीपासून पाहून राह्यली मी, जे येते ते रडते. तुह्या आधी सात जन आले या खाटेवर. भाजीबाजारातली जैतुनबी आली, हाताचे बोटं अशे वाकडे, म्हने सुंदरबाई खुदा के वास्ते एक तरी दे. तिले बी मीठच सांगतलं.

तुमी लोकं पुडी-पुडी करता, पुडीत काय होतं हे तं कोनी इचारलं नाई कवा. गुन आला का झालं! मह्या नवऱ्याच्या बापाचं, सासऱ्याचं, खरं औषध होतं ते — निरगुडीचा पाला, सुंठ, ओवा, मेथ्या, आनखी दोन मुळ्या, त्याचे नावं नाई सांगत, आता सांगून बी काय उपेग. पन त्या औषधानं गुन येयाले चार-चार महिने लागत, अन् चार महिने कोन थांबते? मंग भिवाजीनं, मह्या नवऱ्यानं, त्यात पांढरी घातली. एक मानूस येत होता मोटरसायकलवर, झोळीत डबे घेऊन. पांढरी म्हंजे अशी — भुकटीच एक प्रकारची. मले काय माहीत काय होती ती? मी बाईमानूस, चौथी शिकेल. मी पाट्यावर वाटत होती अन् तो पुड्या बांधत होता. पन गुन म्हनशीन तं असा का सकाळी पुडी खाल्ली तं दुपारी मानूस काठी इसरून जाय घरी. मालेगाव म्हनू नोको, जऊळका म्हनू नोको, कुठून-कुठून येत लोकं. भिवाजी गेला त्याले पाच सालं झाले, पन नाव त्याचंच चालत होतं — भिवाजीची पुडी.

अन् एक नेम होता त्याचा. या चौकटीच्या आत पुडी खायाची नाई. घरच्या मानसानं घरचं औषध खाल्लं तं औषधाचा गुन जाते म्हने. त्याचा सोताचा गुडघा मरेपरेंत दुखला, लंगडत-लंगडत चालत होता, सकाळी उकिडवं बसलं का उठता येत नोतं, मी हात देऊन उठवत होती — पन पुडीले बोट नाई लावलं त्यानं. मी कौतिकानं सांगत होती लोकाईले, पाहा, कसा नेमाचा मानूस हाये. सोताचा गुडघा जाऊ देल्ला पन लोकाईचा गुन जाऊ देल्ला नाई. — आता वाटते का त्याले माहीत होतं. तुले काय वाटते? माहीत असन ना? हं. जाऊ दे, मेलेल्या मानसाले काय इचारतं.

बंद काहून केली? — मले वाटलं सगळ्याईले माहीत झालं. शिरपूरपरेंत नाई आली का गोष्ट? माही पोरगी गेली. रूपाली. दिवाळीच्या आधी. एकुलती एक, सव्वीस सालाची. — नोको, तू उठू नोको, बस, तुले कायले ओशाळं वाटाले पाह्यजे, तुले काय माहीत. तुह्याएवढीच होती. अशीच मांडी घालून बसे खाटेवर, पायातल्या चपला खाली नीट लावून ठेवून.

जऊळक्याले देल्ली होती तिले. जावई हरीओम, टेशनापाशी दुकान हाये, मानूस चांगला, खोटं कायले बोलू. पहिल्या खेपेस दिस गेले तवा दवाखान्यात रगत तपासलं, अन् त्या रगतात कावीळ निंघाली — ‘ब’ म्हनतेत ती. पन डोळे पांढरे, नखं गुलाबी, जेवन-खान फस्क्लास, कुठची कावीळ? तिथल्या डाक्टरीनबाईनं सांगतलं का हा विषाणू लिवरात झोपून हाये, सध्या काई करत नाई, दर सहा महिन्यानं तपासाले येजो, अन् इचारल्याबिगर कोनतंच औषध खाऊ नोको. पोरीनं मले फोन केला — आई, सासरी कोनाले सांगू नोको, लोकं ताट वेगळं करतीन माहं. मी म्हनलं नाई सांगत. नाईच सांगतलं. बाळंत झाली, पोरगी झाली, त्या लेकराले जल्मताच सुया देल्ल्या दोन अन् लेकरू साफ निंघालं, त्याच्या रगतात काईच नाई. त्या सुया तवा नोत्या, मही रूपाली झाली तवा. ते पुढं सांगते.

बाळंतपनानंतर तिचे सांधे धरले. मनगटं, गुडघे. लेकरू उचलता येत नाई, पोळ्या लाटता येत नाई. मंग मायच्या जिवाले काय वाटन? जगाचं दुखनं मी पुडीत बांधून घालवते अन् मही पोरगी विव्हळत बसते? पन नेम आडवा आला. दोन दिस इचार केला मी, खरंच सांगते, दोन दिस. अन् मंग मले सुचलं — रूपाली आता घरची कुठी हाये? तिचं लगन झालं, गोत बदललं, ती हरीओमच्या घरची. परक्या घरची झाली तं तिले चालते पुडी! केवढा आनंद झाला मले, का सांगू. जावयाच्या हाती चांगल्या तीस पुड्या बांधून देल्ल्या, अन् वरून निरोप, खंड पडू देऊ नोको. डाक्टरीनबाईनं औषध खाऊ नोको म्हनलं होतं ते याद होतं मले, पन ते दवाखान्याच्या औषधासाठी असन, मायच्या पुडीसाठी कायले असन?

अन् अशी उजळली व पोरगी! महिन्याभरात गालं भरले, तोंड गोल गरगरीत झालं, हनवटीखाली वळी पडली. तिची सासू म्हने, तुमच्या पुडीनं सुनेनं बाळसं धरलं. मी गेली तवा मीठ-मिरच्यानं दिष्ट काढली तिची, मिरच्याचा ठसकाच आला नाई, म्हनलं पाह्य, केवढी दिष्ट लागेल होती. सहा महिन्याची तपासनी होती ती बी सोडून देल्ली तिनं. तोंड एवढं भरेल असल्यावर कोन जाते दवाखान्यात? तुह्या सासूचं बी तोंड भरलं असन ना? — भरलं ना. दंड बारीक अन् तोंड गोल. ते बाळसं नसते, निता. ती सूज असते. मले मागून अकोल्याच्या डाक्टरीननं सांगतलं.

महिन्याच्या महिन्याले पाठवत गेली मी, चौदा महिने खाल्ली तिनं. मंग यंदा महालक्ष्म्या आल्या, अन् ती लेकरू घेऊन माहेराले आली. सासूनंच पाठवलं, राह्य म्हने चांगली महिनाभर. पहिल्या सकाळी थैलीतून पुडी काढली तिनं, अन् मी हातातून घेतली. म्हनलं, इथं नाई. तिथं तू परकी, इथं तू घरची. या चौकटीच्या आत हाये तवरोक पुडी बंद. — हसली ती. म्हने, आई, तुहं बी काईतरीच. पन ऐकलं तिनं. तिसऱ्या दिसापासून आंग धरलं. पाचव्या दिसी लेकराची वेनी घालता येईना. मह्यापाशी आली अन् म्हने, आई, मी चौकटीच्या भाईर जाते, ओट्याखाली उभी राहून खाते, मंग तं चालते ना? — अन् मी म्हनलं, वस्ती इथं तं नेम इथला. असं म्हनलं मी. तिचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळलं, शेक देल्ला, रडली बी तिच्यासंग. पन पुडी देल्ली नाई. डबा भरेल होता, तिच्या डोळ्यापुढे लोकाईले बांधून देत होती मी, अन् तिले देल्ली नाई.

वीस-एकवीस दिस झाले असतीन. एक दिस म्हने फोडनीचा वास नोको वाटते. मंग लघवी हळदीवानी. मंग डोळे. मी सोता औषधवाली, अन् तिले घेऊन गेली दुसऱ्या औषधवाल्याच्या दारी, कावीळ उतरवनाऱ्याच्या. त्यानं गळ्यात मुळीची माळ घातली, म्हने माळ जशी लांबन तशी कावीळ उतरन. तीन दिस माळ पाहत बसलो आमी. चवथ्या दिसी सकाळी पोरगी मह्याकडे पाहून मलेच इचारते — आई कुठी गेली? मी म्हनलं, अवं मीच हावो ना. तं म्हने, तुमी नाई, मही आई. मंग हरीओमनं गाडी केली अन् आमी अकोल्याले गेलो.

तिथं एक डाक्टरीन होती, पोरगीच, शाजिया नावाची, आपल्या मंगरुळची. तिनं समजून सांगतलं मले, मावशी-मावशी करून. तिचंच सांगते, मह्या भाषेत सांगते. म्हने, लिवर म्हंजे एक गाव समजा. विषाणू एका घरात घुसला का ते घर बोंब मारते — शेजारच्या घराईले, दारं लावा रे, कोनीतरी घुसलं. त्या बोंबेले नाव हाये, इंटरफेरॉन. मी पाठ करून घेतलं ते नाव, इंटरफेरॉन. शरीरच बनवते ते, प्रथिन असते म्हने. अन् आनखी दुसरे निरोपे असतेत, त्याईचं नाव सायटोकाईन, ते शिपायाईले बलावून आनतेत. शिपाई येऊन त्या घरातल्या विषाणूले मारतेत, पन घर बी पाडतेत. आपलंच घर, आपलेच शिपाई. मी म्हनलं, मंग विषाणू काय करते? तं म्हने, मावशी, हा ‘ब’वाला विषाणू सोता लिवरचं काई वाकडं करत नाई. मुकाट येते, बोंब होऊ देत नाई, अन् मुकाट राह्यते. लिवर खराब होते ते शिपायाच्या मारानं. अन् जल्मताच आला असला तं शरीर त्याले घरचाच समजते, वीस-वीस सालं त्याच्यावर कोनी हातच उचलत नाई.

अन् पांढरीनं काय केलं ठाऊक हाये? तिनं निरोप्याचं तोंड दाबलं. दुखनं-सुजनं हे बी त्याच निरोप्याईचं काम असते म्हने. ते गप झाले म्हनून काठी सुटत होती लोकाईची. आमी म्हनत होतो गुन आला! अन् इकडे तोंड दाबेल हाये म्हनून विषाणू वाढला, चौदा महिने वाढला, एका घराचा गावभर झाला, अन् कोनी हूं का चूं केलं नाई. मंग मी एका दिसात पुडी बंद केली. हात निंघाला तोंडावरून. सगळे निरोपे एकाच टायमाले वरडले, सगळे शिपाई एकाच टायमाले आले, अन् पाह्यतेत तं घराघरात तोच. काय सोडतीन ते? सारं गाव पाडलं त्याईनं. मी इचारलं, डाक्टरीनबाई, तुमचं ते इंटरफेरॉन सुईतून देता येत नाई का? म्हने येते, सुई हाये, कोनाकोनाले देतो आमी, पन अशा टायमाले नाई — पेटलेल्यावर तेल होईन ते. दुसऱ्या गोळ्या असतेत विषाणू दाबाच्या, त्या सुरू होत्या. पन लिवर राह्यलंच नोतं. अन् तिचं ते बीपी सारखं खाली जाय, सारखं खाली जाय, अन् ते काहून जाते हे त्याईले उमजे ना. चार दिस. चवथ्या दिसी दुपारी गेली.

आँ? — काय इचारलं तू?

पांढरीचं डाक्टरीनले सांगतलं तवा ती काय म्हनली? — आत्ताच सांगतलं ना. निरोप्याचं तोंड… हो, म्हनली तेच… कवा म्हंजे? तवाच. तिथंच.

अशी पाहू नोको मह्याकडे.

नाई. तवा नाई. — तीन खेपा इचारलं तिनं मले. पहिल्या दिसी कागद घेऊन, मावशी, रूपाली कोनतं औषध खात होती का, गावठी, झाडपाल्याचं, पुडी-बिडी, काई बी? मी म्हनलं काई नाई. दुसऱ्या दिसी बाजूले घेऊन, मह्या खांद्यावर हात ठेवून इचारलं, मावशी, कोनी रागावनार नाई, पोलिसाले सांगनार नाई, बीपी पडून राह्यलं, मले फकस्त माहीत पाह्यजे. म्हनलं, नाई व माय, काईच नाई. हरीओम मह्याकडे पाहत होता. त्याले माहीत होतं, त्यानंच तं नेल्या होत्या पुड्या. पन त्याले वाटलं, आई औषधवाली हाये, आईले समजत असन काय सांगाचं अन् काय नाई. तिसऱ्या दिसी तं ती हात जोडून उभी होती. अन् मह्या तोंडातून तेच निंघालं, काई नाई. मी ठरवून बोलली नाई, निता. तोंडच बोललं. पंचवीस सालं लोकं इचारत होते, सुंदरबाई, यात काय हाये? अन् मी सांगत होती, काई नाई व, झाडपाला. तेच निंघालं.

पांढरी म्हनली ना मी, ती भुकटी नोती. गोळ्या होत्या कंपनीच्या. मीच काढत होती पत्त्यातून, अंगठ्यानं दाबून-दाबून, अन् पत्ते चुलीत घालत होती. नाव वाचता येत होतं मले. चवथी शिकली तं काय झालं, वाचता येते.

मंग दिवाळी झाल्यावर गेली मी अकोल्याले, एकटी. गोळ्याचा एक पत्ता उरेल होता, तो पदरात बांधून. तिच्यापुढे ठेवला अन् म्हनलं, हे खाल्लं असन तं? तिनं पत्ता पाह्यला, मले पाह्यलं. मले वाटलं मारते आता. मारलं असतं तं बरं झालं असतं. मंग तिनं सगळं सांगतलं — ते सांगतलं ना आत्ता, ते तवाचं. बीपीचं बी सांगतलं. ही गोळी रोज घेतली का शरीर आपल्या आतलं तसलंच रसायन बनवनं सोडून देते म्हने, अन् मंग एकदम बंद केली का भाईरचं बी नाई अन् आतलं बी नाई. मानूस उठत नाई. ओकाऱ्या होतेत. चक्कर येते. बीपी जाते. माहीत असतं तं त्याची सुई देल्ली असती. — मी इचारलं, वाचली असती का? तं म्हने, सांगता येत नाई मावशी, लिवर लय गेलं होतं. सांगता येत नाई म्हने. हे चांगलं सांगतलं का वाईट सांगतलं, मले अजून नाई समजलं.

अन् माहं रगत घेतलं तिनं. म्हने, तुमी बी तपासा, हा विषाणू बहुत करून मायकडूनच येते, जल्माच्या टायमाले. अन् निंघाला मह्या रगतात. पन्नास सालं झाले असतीन, मह्यात झोपून हाये तो. मी पुडी कवा खाल्लीच नाई ना. नेम पाळला मी. म्हनून मी इथं बसेल हावो अन् बोलून राह्यली तुह्यासंग. कावीळ बी मीच देल्ली पोरीले, पुडी बी मीच देल्ली, अन् बंद बी मीच केली. तीनही मीच.

— हो. हो, समजते मले, तू काय म्हनून राह्यली. उठत नाई, ओकाऱ्या, चक्कर. तेच हाये. आली तवाच समजलं मले. सातही जनाईचं समजलं. मही पोरगी गेली त्याच्या दहाव्या दिसी मी सगळ्या पुड्या नाल्यात टाकल्या अन् लोकाईले म्हनलं बंद, तवा मले वाटलं पुन्न केलं. मंग डाक्टरीननंच सांगतलं, मावशी, तुमचे जेवढे गिऱ्हाईक हायेत तेवढ्याईले निरोप द्या, एकदम बंद करू नोका, दवाखान्यात या, कमी-कमी करून उतरवावी लागते, अन् ज्याच्या रगतात ‘ब’ हाये त्याले आधी विषाणूची गोळी द्यावी लागते. मी मान हालवली. अन् घरी येऊन बसली. अठरा दिस झाले. निरोप देयाचा म्हंजे पुडीत काय होतं ते सांगाचं, अन् ते सांगाचं म्हंजे… म्हनून मीठ सांगत होती मी. मीठ अन् एरंडी. तू त्या सातजनाईवानी उठून गेली असती तं तुले बी तेच सांगतलं असतं. पन तू गेलीच नाई. बसली. काहून बसली तू?

ऐक आता. रडनं मंग. हा घे पत्ता, दोन गोळ्या उरेल हायेत यात, नाव छापेल हाये मागं. यातली गोळी सोताच्या मनानं देऊ नोको सासूले, समजलं? हा फकस्त डाक्टरले दाखवाले. आत्ता मोटारस्टँडवर जाय, शिरपूरले फोन कर, म्हन सासूले गाडीत टाकून सिद्धं वाशीमले आना, सरकारी दवाखान्यात, संध्याकाळची वाट नोका पाहू, तू परबारीच तिथं पोहोच. अन् दाराशीच सांगजो — दोन सालं रोज ही गोळी पोटात गेली, पंधरा दिसापासून एकदम बंद हाये. ते इचारतीन तवरोक थांबू नोको, तूच सांग. अन् कावीळ ‘ब’चं रगत तपासा म्हनजो. सासूचे डोळे पाह्यले का तू? उजेडात नेऊन? — नाई पाह्यले. मंग पाह्यजो. शंभरात दोघा-तिघाईच्याच आंगात असते म्हने तो, तिच्यात नसन बी. पन पाह्यजो. कोनी देल्ली म्हनून इचारलं तं माहं नाव सांग. सुंदरबाई भिवाजी, रिसोड, बाजाराच्या मागं. लिव्हून घेतीन तं लिव्हू दे.

बाकीचे? जैतुनबीचं घर सांगते तुले, भाजीबाजारात कोनी बी दाखवन. दोघं जऊळक्याकडचे होते, एक बुढा मालेगावचा, बाकीच्याईचे नावंच नाई माहीत मले. नावं कोन इचारते? दुखनं इचारत होतो आमी.

काय? मी येऊ संग?

नाई व माय. — लुगडं बदलाले वेळ नाई लागत मले, ते नाई. ऐक. तुह्यापुढे बोलली मी, कारन का तू पोरगी हाये अन् या खाटेवर बसेल हाये. तिथं टेबल असन, कागद असन, पांढऱ्या कोटातला डाक्टर असन, तो मह्याकडे पाहून इचारन, आजी, हिनं काय खाल्लं? अन् मी काई नाई म्हनन. तू पत्ता दाखवशीन अन् मी त्याच्यापुढे तुले खोटी पाडन, म्हनन पोरगी येडी हाये साहेब, झाडपाला होता. म्हननच मी. तू म्हनते का आता मी खरं सांगन, तसं नाई होनार, मले माहीत हाये माहं तोंड. पोटची पोरगी तिकडे पडेल होती, तवा नाई उघडलं ते, तुह्या सासूसाठी कायले उघडन?

तू एकटी जाय. पत्ता मुठीत धर, पदरात बांधू नोको. — पाया पडू नोको मह्या. उठ. जाय म्हनते ना. अन् भाईर निंघाल्यावर दार लोटून घेजो, कडी मी आतून लावते.